थेंब समुद्रात मिळाला, मग दादा कुठे गेले?

प्रश्न : माझे वडील (आम्ही त्यांना दादा म्हणायचो) मार्चमध्ये गेले. दहाव्याला पिंडाला कावळा लवकर शिवेना, मी रडायला लागले तर सगळे म्हणाले अगं थेंब समुद्रात मिळाला, पिंडी ते ब्रह्मांडी, आता रडू नकोस. पण थेंब मिळाला म्हणजे थेंब संपलाच ना? मग माझे दादा उरले कुठे? त्यांचा चष्मा अजून टीव्हीजवळच ठेवलाय मी, त्यावरून पण ऐकावं लागतं की एवढी पारायणं करून मोह सुटत नाही. माझं चुकतंय का?
— एक वाचक, कराड

उत्तर : ताई, तुमची शंका अगदी खरी आहे, आणि ती जुनी पण आहे. छांदोग्य उपनिषदाच्या 6व्या अध्यायात उद्दालक आरुणी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, मधाचं उदाहरण देतात, मधमाश्या वेगवेगळ्या झाडांचे रस एकत्र करतात आणि मग त्या रसाला कळत नाही की मी अमक्या झाडाचा. म्हणजे तुम्हाला जे टोचतंय ते तिथं आहेच. पण ते तिथं थांबत नाहीत. मुलाला सांगतात, रात्री हे मीठ पाण्यात टाक आणि सकाळी ये. सकाळी म्हणतात, ते मीठ आण बघू. तो हात घालून चाचपतो, सापडत नाही. मग वरून घोटभर पी, मधून पी, तळाचं पी, प्रत्येक वेळी एकच उत्तर, खारट! खडा दिसेनासा झाला पण मीठ कुठे गेलं नाही, डोळ्याला नाही ते जिभेला कळतंय.

आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते असं की 'तत् त्वम् असि' हे वाक्य त्या अध्यायात 9 वेळा येतं, आणि ते मेलेल्या माणसाबद्दल नाहीच. समोर बसलेल्या 24 वर्षांच्या, 12 वर्षं गुरूकडे शिकून थोडा ताठा घेऊन घरी आलेल्या जिवंत पोराला बाप सांगतोय, ते (म्हणजे पाण्यातल्या मिठासारखं सगळ्यांत भरून असलेलं एकच सत्य) तू आहेस. होशील असं नाही, आहेस. म्हणजे दादा मार्चमध्ये कशात जाऊन मिळाले नाहीत, तुम्हाला शाळेत सोडायला यायचे तेव्हाही ते तेच होते. शंकराचार्यांच्या परंपरेत घड्यातल्या आकाशाचा दृष्टांत देतात तो याचसाठी, घडा फुटल्यावर आतलं आकाश कुठे जात नाही कारण ते वेगळं कधी नव्हतंच.

बरं, हे सगळ्यांना मान्य आहे असंही नाही. रामानुजाचार्य म्हणतात जीव हे देवाचं शरीर, मोक्षातही जीव जीवच राहतो, विरघळत नाही. मध्वाचार्य तर त्याच वाक्याची फोड 'अतत् त्वम् असि' अशी करतात, ते तू नाहीस, भेद कायमचा. तेव्हा घाटावर कुणी थेंब-समुद्र सांगितलं म्हणजे शास्त्राचा शेवटचा शब्द झाला असं धरू नका.

राहिला मोह. आपले तुकोबा 'अणुरणीया थोकडा, तुका आकाशाएवढा' म्हणतात, यापेक्षा मोठं एकरूप होणं कुठलं? आणि तेच तुकोबा 'हेचि दान देगा देवा' मध्ये काय मागतात, कीर्तन संपताना आपण सगळे म्हणतो पण शब्दांकडे लक्ष जात नाही, 'न लगे मुक्ति धन संपदा', मुक्ती नको, संतांची संगत दे, आणि 'गर्भवासी सुखे घालावे आम्हासी', खुशाल परत जन्माला घाल! आकाशाएवढा झालेला माणूस परत देहात यायला तयार आहे, कशासाठी, तर ज्याच्यावर प्रेम आहे त्याचा विसर पडू नये म्हणून. याला कुणी मोह म्हणालं का आजवर?

चष्मा राहू द्या टीव्हीजवळ. काचा पुसत जा अधूनमधून.