ब्राझीलमधली माकडं मारली तर पीतज्वराची साथ थांबेल का?

नाही, अजिबात थांबणार नाही, कारण पीतज्वर माकडाकडून माणसाला थेट लागत नाही. तो पसरवतात झाडांच्या शेंड्यांवर राहणारे हिमॅगोगस आणि साबेथेस हे जंगली डास. २०१६ ते २०१८ च्या मोठ्या साथीत घाबरलेल्या लोकांनी तिथे माकडांना दगडांनी, काठ्यांनी मारलं, विषही घातलं. फार वाईट झालं ते. हा विषाणू मूळचा आफ्रिकेतला, गुलामांच्या जहाजांतून अमेरिकेत पोचलेला. आफ्रिकेतली माकडं सहसा त्यातून तरतात, पण ब्राझीलचं तपकिरी हाउलर माकड लागण झाली की बहुधा आठवड्याभरातच दगावतं. पहाटे कोसभर ऐकू जाणारा त्यांचा घुमणारा आवाज एकाएकी बंद पडला, झाडाखाली मेलेली माकडं सापडली, की आरोग्य खात्याला कळतं: विषाणू इथवर आलाय, आता माणसांना लस द्या. माकडंच मारून टाकली तर हा इशारा देणार कोण? रिओजवळच्या सोनेरी टॅमरिन माकडांनाही या साथीचा जबर फटका बसला. सुमारे ३,७०० वरून ती २,५०० वर आली आणि शेवटी त्यांनाच लस टोचायची वेळ आली.

एक मात्र खरं, आजारी माकडाच्या रक्तात काही दिवस विषाणू असतो आणि त्याला चावलेला डास तो पुढे नेतो. म्हणून मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता कळवायचं. आपल्या सिंधुदुर्गातल्या माकडतापातही हेच करतात, फक्त तिथे डासाच्या जागी गोचीड असते.