आयर्लंडमध्ये गॅसची पाइपलाइन टाकताना पुरातत्त्वज्ञ दिवसभर यंत्राशेजारी का उभे असतात? त्यातून खरंच काही सापडतं का?

सापडतं, आणि तेही जिथे कुणी मुद्दाम शोधायला गेलंच नसतं तिथे. मी दक्षिण आयर्लंडमध्ये, मुन्स्टर भागात, हे काम केलं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

पाइपलाइनचा मार्ग ठरतानाच जुने नकाशे, हवाई छायाचित्रं आणि चाचणी चर यांवरून माहीत असलेली स्थळं टाळलेली असतात. गोल मातीचा बांध दिसला, म्हणजे मध्ययुगीन वस्तीचा रिंगफोर्ट असला, की लाइन वळवतात. उरतं ते जमिनीवर काहीच खूण नसलेलं. त्यासाठी वरची माती निघताना कुणीतरी समोर असावंच लागतं.

खोदयंत्राला बिनदातांचं रुंद बकेट लावायला सांगतात. दातांनी जमीन ओरबाडली जाते आणि मग खालचे रंग वाचता येत नाहीत. चालक मागे मागे सरकत पातळ थर काढतो, म्हणजे उघड्या झालेल्या जमिनीवर यंत्र चढत नाही. आपली नजर सतत बकेटच्या धारेवर. गवताखालची तपकिरी माती संपली की पिवळट-करडी चिकणमाती लागते. तिच्यात काळपट गोल डाग दिसला तर तो खांबाचा खड्डा असू शकतो, किंवा नुसतं कुजलेलं मूळ. हात वर करून यंत्र थांबवायचं, ट्रॉवेलने हळूच खरवडून बघायचं. पाऊस पडून गेल्यावर हे डाग झकास उठून दिसतात, दोन दिवस कोरडा वारा सुटला की सगळं फिकट. चालक जाणता असेल तर अर्धं काम सोपं होतं. बकेटखालचा आवाज बदलला की तो स्वतःच थांबतो.

सर्वात जास्त मिळतात ते जळक्या दगडांचे ढिगारे, तिकडे त्यांना फुलख्त फिया म्हणतात. ओलसर, पाणथळ कोपऱ्यात काळीभोर माती आणि उष्णतेने तडकलेले दगड लागले की समजायचं. बहुतेक कांस्ययुगातले, म्हणजे साधारण तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे. ढिगाऱ्यापाशी एक आयताकृती खड्डा असतो. त्यात पाणी भरून तापलेले दगड टाकत जायचे, की पाणी उकळतं. कॉर्क विद्यापीठाचे प्राध्यापक एम. जे. ओ'केली यांनी 1950च्या दशकात बॅलीव्हर्नी इथे हे प्रत्यक्ष करून पाहिलं. अर्ध्या तासाच्या आसपास पाण्याला उकळी आली आणि पेंढ्यात गुंडाळलेली मेंढ्याची मांडी साडेतीन तासांहून थोड्या जास्त वेळात शिजली. स्वयंपाकच की अंघोळ, कातडी कमावणं, बिअर गाळणं, यावर अजून वाद आहेत. मला वाटतं, एकाच खड्ड्याचे अनेक उपयोग असणार.

नशीब असेल तर खड्ड्याच्या तळाशी ओकच्या फळ्या शाबूत मिळतात, कारण पाण्याखाली हवा पोचत नाही आणि लाकूड कुजत नाही. चिखल बोटांनी बाजूला केला की कुऱ्हाडीचे घाव स्पष्ट दिसतात. धारेला कुठे खाच पडली होती, तेही त्या घावांत उमटलेलं असतं. फळी उघडी झाली की लगेच पाणी फवारून प्लास्टिकने झाकायची, नाहीतर सुकताना ती फाटते. काळ ठरवायला मात्र आम्ही शक्यतो हेझलसारख्या अल्पायुषी झाडाचा कोळसा पाठवतो. ओक शेकडो वर्षं जगतो, त्याच्या गाभ्यातला तुकडा गेला तर तारीख उगाच जुनी येते.

लिमरिक काउंटीतलं टँकर्ड्सटाउन हे माझं लाडकं उदाहरण. 1980च्या दशकात गॅस पाइपलाइनच्या कामात तिथे नवाश्मयुगीन आयताकृती घर सापडलं, सुमारे 5,700 वर्षांपूर्वीचं, ओकच्या फळ्यांच्या भिंतींचं. घर जळलं होतं, म्हणून धान्य कोळसा होऊन टिकलं. तो एमर गहू होता, म्हणजे आपला खपली. आयर्लंडच्या पहिल्यावहिल्या शेतकऱ्यांपैकी एका कुटुंबाचं घर, आणि वरून पाहावं तर साधं शेत! पुढे 2002च्या सुमारास डब्लिनहून पश्चिमेकडे 300 किलोमीटरहून लांब लाइन गेली, तेव्हा कांस्ययुगाची इतकी स्थळं मिळाली की त्यांवर स्वतंत्र ग्रंथ निघाला.

काम अडतं का, असं विचारणारे बरेच भेटतात. थोडं अडतं. पण सापडलेल्या जागेला कुंपण घालून कंत्राटदार पुढे सरकतो, आमचं उत्खनन झालं की मधला तुकडा जोडतो. खर्च पाइपलाइन टाकणाऱ्याचा. तो खर्च मला अजिबात जास्त वाटत नाही, कारण चर एकदा खणला की तिथलं जे काही होतं ते कायमचं गेलं.

सापडलेली वस्तू मात्र कुणालाही ठेवता येत नाही, शेतमालकालाही नाही. 1980 साली टिपररीतल्या डेरीनाफ्लान इथे मेटल डिटेक्टरने चांदीचा चषक सापडला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. मग 1994च्या कायद्याने मालक नसलेली पुरातन वस्तू सरकारची ठरली. ती राष्ट्रीय संग्रहालयाकडे जाते. उत्खननाला परवाना लागतो आणि परवान्याबरोबर अहवाल देणं बंधनकारक असतं. अशा कामांचे थोडक्यात वृत्तांत 'एक्सकॅव्हेशन्स डॉट आयई' या संकेतस्थळावर कुणालाही फुकट वाचता येतात. काउंटीचं नाव टाकून शोधा. 'काहीही आढळले नाही' अशा नोंदीही भेटतील, त्या वगळू नका, कारण कुठे वस्ती नव्हती हे त्यांच्यावरूनच कळतं.