कोकणात गाडीतच कायमचं राहायचं तर कोणती गाडी घ्यावी आणि आतून काय बदलावं?

निवृत्तीनंतर अलिबाग ते वेंगुर्ले फिरत दोघांनी गाडीतच राहायचं म्हणता. मोठी बस घ्यावी की ट्रॅव्हलर, आणि एसी बसवावा का, हे तुम्ही विचारलंत. मी आणि बायको चार वर्षांपासून एका जुन्या फोर्स ट्रॅव्हलरमध्ये राहतोय, बहुतेक काळ रत्नागिरी-सिंधुदुर्गात.

बस नकोच. किनाऱ्यालगतचे रस्ते गडग्यांमधून, म्हणजे दोन्ही बाजूंच्या दगडी कुंपणांमधून जातात, समोरून एसटी आली की मागे घ्यावं लागतं, वर फणसाच्या फांद्या छताला घासतात. आत ताठ उभं राहता येईल अशी उंच छताची ट्रॅव्हलर दोघांना पुरते. फक्त मागच्या चाकांच्या मागे गाडीची शेपटी किती लांब आहे ते बघा. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीबोटीत चढताना, विशेषतः ओहोटीला, उतार फार तिरका होतो. आम्ही सांडपाण्याची टाकी मागे खाली टांगली होती. तिचा नळ जेट्टीवर घासून तुटला. आता टाकी पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये आहे.

पण कोकणात गाडी निवडायची आणि बांधायची ती पावसासाठी. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. पहिल्या जुलैत रात्री पाठ गार लागायला लागली म्हणून गादी उचलली, तर खालची प्लाय काळ्या बुरशीने भरलेली आणि गादीचा कापूस ओला. गळती कुठेच नव्हती. ते आमच्याच श्वासाचं आणि स्वयंपाकाचं पाणी होतं. एक किलो गॅस जळला की साधारण दीड किलो पाणी वाफ होऊन हवेत येतं, आणि गार पत्र्याला लागलं की त्याचे थेंब होतात.

म्हणून पत्र्याला आतून नायट्राइल रबरची शीट सलग चिकटवा, ग्लासवूल नको, ते ओल धरून ठेवतं. लाकूडकाम आयएस ७१० मरीन प्लायचं करा आणि कापलेल्या प्रत्येक कडेला रंग मारा. पलंगाला सलग फळी न घालता पट्ट्या ठेवा. छतात झाकणाचा पंखा बसवा, पाऊस पडत असतानाही चालवता येईल असा. त्या पंख्यासाठी कापलेल्या पत्र्याची कड आम्ही प्रायमर न लावता सोडली होती. खाऱ्या हवेने वर्षभरात तिथूनच गंज धरला. गाडी वाळूत उतरवूच नका, महिन्यातून एकदा खालून गोड्या पाण्याने धुवा आणि दारांच्या खालच्या कडेची पाणी निघायची भोकं काडीने मोकळी करा.

एसी? पंखा, छोटा कॉम्प्रेसर फ्रिज, दिवे आणि फोन मिळून आमचे दिवसाला १,००० वॉट-अवर लागतात. १२ व्होल्टची २०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे साधारण २,५०० वॉट-अवर. एक टनाचा एसी ती दोन-तीन तासांत संपवेल. पावसाळ्यात सोलर जवळजवळ झोपतो, म्हणून चालत्या इंजिनावर बॅटरी भरणारा डीसी-डीसी चार्जर आधी घ्या. उन्हाळ्यात आम्ही एसीऐवजी थंड हवेच्या आंबोलीला चढतो.

शौचालय कोरडं, लघवी वेगळी करणारं ठेवलंय. त्यात टाकायला काथ्याचा भुसा इथे कुठेही मिळतो. पाणी १०० लिटर, म्हणजे १०० किलो. घाट चढताना ते जाणवतं.

कागदपत्रं मात्र आधी. जुनी शाळेची ट्रॅव्हलर घेऊन आसनं काढायची असतील तर गाडीत मनाने बदल करू न देणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं, आणि मोटर कॅरव्हानसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. हत्यार लावायच्या आधी आरटीओत विचारून परवानगी घ्या. नोंदणीत नसलेला बदल विमा कंपनी दाव्याच्या वेळी पुढे करू शकते.

गाडी उभी करायला सड्यावरचा, म्हणजे उंच सपाट माळावरचा कातळ चांगला, पाणी साचत नाही, पण विजा चमकायला लागल्या की खाली वाडीत या. नारळाखाली कधीच नको. झावळी पडली तरी काच जाते. आम्ही पावसाळ्यात ओळखीच्या एका काकूंच्या मांगराशेजारी (वाडीतल्या खोपीशेजारी) राहतो. पाणी त्यांच्या विहिरीचं, बदल्यात त्यांची बाजाराची खेप आमच्याकडे.

पैसे गुंतवायच्या आधी जुलैत एखादी तयार कॅम्पर भाड्याने घेऊन आठ दिवस गुहागर-देवगड भागात राहा. वहिनींना रोज आत स्वयंपाक करू दे, तुम्हीही करा, आणि आठव्या दिवशी गादी उचलून बघा.