बीएड की डीएड ते नंतर, आधी मुलं कोणत्या वयाची ते ठरवा

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या गावातून लिहिलंय तुम्ही, लेकीने यंदा आर्ट्समधून बारावी केली, 78 टक्के पडले, आणि ती म्हणते मला प्राथमिक शाळेतच शिकवायचंय. तिचे बाबा म्हणतात टीचरला आता काय किंमत राहिलीय, त्यापेक्षा नर्सिंग कर नाहीतर कॉम्प्युटरचं काहीतरी घे. मामा म्हणतात आधी बीए कर, मग बीएड, म्हणजे पहिलीपासून दहावीपर्यंत कुठंही लागशील. आणि शेवटच्या दोन ओळींत तुम्ही लिहिलंय की आमच्या गावच्या शाळेत आता 11च मुलं राहिलीत, उद्या ती बंद पडली तर माझी पोर शिकवणार कोणाला. त्या दोन ओळी मला सगळ्यात जास्त लागल्या, त्यांच्याकडे येतेच, पण आधी मामांचं बघू, कारण त्यांचा सल्ला प्रेमाचा असला तरी आज तो चुकीचा आहे.

बीएड केलं की कुठंही शिकवता येतं हे आता खरं नाही. 2018 साली एनसीटीईने, म्हणजे टीचरांची पात्रता ठरवणाऱ्या केंद्राच्या परिषदेने, एक नोटिफिकेशन काढून बीएडवाल्यांना पहिली ते पाचवीसाठी पात्र धरलं होतं, फक्त नोकरी लागल्यावर सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स करायची अट होती. सुप्रीम कोर्टाने 11 ऑगस्ट 2023 ला ते रद्द ठरवलं. म्हणजे आज प्राथमिकला शिकवायचं तर डीएलएड, ज्याला आपण अजून डीएडच म्हणतो, ते लागतं. माझ्याकडे अशा मुली येतात ताई, तीन वर्षं बीए, दोन वर्षं बीएड, पाच वर्षं गेली, आणि आता कळतंय की जी लहान मुलं शिकवायची म्हणून हे सगळं केलं त्यांच्यासाठी आपण पात्रच नाही. त्यांना हे सांगताना माझाच जीव खालीवर होतो. म्हणून म्हणते, कोर्स कुठला हे नंतर बघा, आधी मुलीने ठरवायचंय की मला कोणत्या वयाच्या मुलांबरोबर दिवस काढायचाय. सहा वर्षांच्या की चौदा वर्षांच्या? दोन्हीकडे टीचरच म्हणतात पण काम अगदी वेगळं आहे.

किती वेगळं ते एका उदाहरणावरून सांगते. या सल्ला द्यायच्या कामाला लागायच्या आधी मी 11 वर्षं प्राथमिकला शिकवलं. पहिल्या-दुसऱ्या वर्षातली गोष्ट, दुसरीच्या वर्गात वजाबाकी चालू होती, फळ्यावर 32 वजा 17. मी आपली नेहमीसारखी म्हणत होते, दोनातून सात जात नाहीत, हातचा घ्या. एक मुलगी उभी राहिली, घरी पूर्ण कोकणी बोलणारी, आणि तिने विचारलं, "बाई, हातचो म्हणल्यार कोणाच्या हातांतलो?" वर्ग हसला आणि मीही तिला बस म्हटलं. घरी जाताना बसमध्ये माझ्या लक्षात आलं की प्रश्न बरोबर होता, मला स्वतःलाच तो हातचा कुठून येतो ते मुलांच्या भाषेत सांगता येत नव्हतं, मी नुसती लहानपणी पाठ केलेली रीत पुढे ढकलत होते. त्या मुलीला हसून बसवलं याचं मला अजून वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी मी माडाच्या झावळीचे हीर तोडून नेले, दहा-दहाच्या जुड्या रबराने बांधलेल्या आणि थोडे सुटे. तिच्यासमोर तीन जुड्या आणि दोन सुटे ठेवले नि म्हटलं, म्हाका सतरा दी. तिने एक जुडी उचलून दिली, मग दोन सुटे दिले, मग थांबली, हातात काहीच सुटं उरलं नाही. माझ्याकडे बघितलं, जुड्यांकडे बघितलं, आणि मी काही न सांगता तिने दुसऱ्या जुडीचं रबर काढलं. पाच हीर मोजून दिले, पाच उरले, बाजूला एक अख्खी जुडी. पंधरा. मग मी फळ्यावर तीनचा आकडा खोडून दोन केला आणि विचारलं, हा एक कुठे गेला? तिने त्या सोडलेल्या रबराकडे बोट दाखवलं.

डीएडमध्ये हेच शिकवतात. गणित मुलीला येतंच, 32 वजा 17 तुम्हाआम्हाला कोणालाही येतं, पण सहा-सात वर्षांच्या मुलाच्या डोक्यात दशक म्हणजे काय हे कसं तयार होतं, वाचायला शिकताना मूल कुठे अडतं, घरची भाषा एक आणि पुस्तकाची दुसरी असेल तर मधला पूल कोणी आणि कसा बांधायचा, ही वेगळी विद्या आहे. कोर्टाचं म्हणणंही साधारण हेच होतं, की बीएड वरच्या वर्गांसाठी तयार करतं, लहान मुलांच्या शिकवण्याची खास तयारी त्यात होत नाही आणि पायाच्या शिक्षणात तडजोड चालणार नाही. मला तरी तो निकाल पटतो, बीएडवाल्या पोरांचं नुकसान झालं हे दिसत असूनसुद्धा पटतो.

आता प्रॅक्टिकल. डीएड दोन वर्षांचं, बारावीला साधारण 50 टक्के लागतात, राखीव गटांना सवलत असते, त्यामुळे तुमच्या लेकीला मार्कांची अडचण नाही. आपल्याकडे पर्वरीला डायट, म्हणजे डीएड शिकवणारी सरकारी संस्था आहे, तिथल्या अ‍ॅडमिशनच्या नोटिसवर लक्ष ठेवा. वाळपईहून रोज पर्वरी म्हणजे येऊन-जाऊन दमछाक होते, राहायची सोय आधी बघा, नाहीतर दोन महिन्यांत मुलगी आजारी पडते आणि मग घरात सगळे म्हणतात कोर्सच कठीण. डीएडनंतर बीए बाहेरून पूर्ण करता येतं आणि ते करायला लावाच, पुढे प्रमोशनला नाहीतर वरच्या वर्गात जायचं झालं तर डिग्री लागते. तिला मोठी मुलं आवडतात असं निघालं तर मात्र मामांचा रस्ता बरोबर, बीए आणि मग दोन वर्षांचं बीएड, त्यासाठी पणजीला आल्तिन्होवर निर्मला इन्स्टिट्यूट आहे, फोंड्याला दादा वैद्य कॉलेज आहे. तिसरा एक रस्ता नवीन शैक्षणिक धोरणातून आलाय, बारावीनंतर डिग्री आणि बीएड एकत्र असा चार वर्षांचा इंटिग्रेटेड कोर्स, त्याची देशपातळीवर वेगळी एन्ट्रन्स असते. तो घ्यायचा तर कोणत्या स्टेजसाठी आहे ते अ‍ॅडमिशनच्या आधी विचारून घ्या, परत तोच प्रश्न, मुलं कोणत्या वयाची.

आणि टीईटी. ही पात्रता परीक्षा आहे, पास झालं म्हणजे नोकरी लागली असं नसतं, हा गैरसमज खूप आहे. केंद्राच्या सीटीईटीचा पहिला पेपर पहिली ते पाचवीसाठी, 150 प्रश्न, 150 मार्क, अडीच तास, निगेटिव्ह मार्किंग नाही, 60 टक्के म्हणजे 90 मार्क पडले की पास आणि सर्टिफिकेट आता आयुष्यभर चालतं. बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित, परिसर अभ्यास, प्रत्येकाला 30 मार्क. मराठी भाषा म्हणून निवडता येते पण गणित, परिसर आणि बालमानसशास्त्राचे प्रश्न हिंदी-इंग्रजीत असतात, म्हणून मराठी मीडियमच्या मुली विषय येत असूनही तिथे अडखळतात. आत्तापासून रोज अर्धा तास इंग्रजी वाचायची सवय लावा, परीक्षेच्या तोंडावर क्लास लावून ते होत नाही. टीईटी टाळता येईल असं तर डोक्यातही आणू नका, सप्टेंबर 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने नोकरीत असलेल्या, रिटायरमेंटला पाच वर्षांपेक्षा जास्त राहिलेल्या टीचरनाही ती सक्तीची केलीय.

सरकारी नोकरीसाठी 15 वर्षांचा रहिवासी दाखला आणि कोकणीचं ज्ञान लागतं, मराठी येणं इष्ट धरतात, तुमच्या घरात दोन्ही आहेत तेव्हा त्याची काळजी नको.

बाबांचा प्रश्न मी हलका समजत नाही. सरकारी भरती दर वर्षी ठरल्यासारखी निघत नाही, मध्ये वाट बघावी लागते आणि त्या काळात बऱ्याच मुली लेक्चर बेसिसवर, म्हणजे तासाच्या हिशेबाने, नाहीतर विनाअनुदानित शाळेत अगदी कमी पगारावर राबतात. मी स्वतः सुरुवातीला एका खाजगी शाळेत होते, सही एका आकड्यावर आणि हातात दुसराच आकडा, हे मी भोगलंय. म्हणून अपॉइंटमेंट लेटर हातात आल्याशिवाय कुठं रुजू होऊ देऊ नका, आणि पगार बँकेतच घ्यायचा. बाबांनी लिहायला सांगितलंय ना की वर ट्यूशन घेऊन भागेल, तर तेही कायद्यात बसत नाही, शिक्षण हक्क कायद्याच्या 28व्या कलमाने शाळेतल्या टीचरला खाजगी ट्यूशन घ्यायला बंदी आहे. जनगणना, निवडणूक, आपत्तीची कामं मात्र करावी लागतात, ती कलम 27 मध्येच धरलीत. म्हणजे पैसा हाच हिशेब असेल तर नर्सिंग चांगलंच आहे, त्यात कमीपणा काहीच नाही, फक्त मुलीला ते करायचंय का हे तिला विचारा.

पण किंमत नाही म्हणतात तिथं मी बाबांशी भांडेन. पोर्तुगीज अमलात आपल्या गावांतून मराठी शाळा सरकारने फारशा चालवल्या नाहीत, देवळाच्या मंडपात नाहीतर कोणाच्या तरी पडवीत शेणैमाम, म्हणजे गावचे गुरुजी, मुलांना बसवायचे, धुळाक्षरं गिरवून घ्यायचे, आणि गाव मिळून त्यांचं पोट चालवायचा. 1961 ला गोवा मुक्त झाला, 1963 ला भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि खेड्यापाड्यांत प्राथमिक शाळा निघाल्या. बाबांच्या आजीला सही येत होती का, त्यांना विचारा. आणि बाबांना स्वतःला पहिलं अक्षर कोणी गिरवायला लावलं तेही विचारा, नाव लगेच आठवेल बघा, सगळ्यांना आठवतं.

आता तुमच्या 11 मुलांच्या शाळेचं. ती मुलं गेली कुठे? गावात मुलं नाहीत असं नाही ना, सकाळी बालरथ म्हणजे शाळेची बस येते नाहीतर व्हॅन येते, आणि शेजारची मुलं टाय लावून शहरातल्या शाळेत जातात. 1990 पासून सरकारी अनुदान कोकणी-मराठी प्राथमिक शाळांना होतं, 2011 मध्ये इंग्रजीलाही खुलं झालं, त्यावरून केवढं रान पेटलं ते तुम्ही पाहिलंय. पण मी आईबापांना दोष देत नाही, त्यांना आपल्या मुलाला इंग्रजी यावं असं वाटतं आणि ते वाटणं रास्तच आहे. माझी तक्रार वेगळी आहे. शिक्षण हक्क कायदा म्हणतो 60 पर्यंत मुलं असली तरी दोन टीचर हवेत, आणि प्रत्यक्षात कितीतरी ठिकाणी एकच बाई चार इयत्ता सांभाळते, पहिलीला अक्षरं, चौथीला भागाकार, मध्येच माध्यान्ह आहाराचा हिशेब, वर पर्वरीच्या शिक्षण खात्याने मागवलेली माहिती आजच्या आज पाठवायची. मग आईबाप म्हणतात शाळेत शिकवत नाहीत आणि मूल काढतात, पट आणखी घटतो, पट घटला की टीचर देत नाहीत. हे चक्र आहे आणि त्यात ती बाई एकटी उभी असते.

तरीही ताई, छोटा पट म्हणजे वाईट शाळा असं समजू नका. 11 मुलांत प्रत्येकाचं वाचन रोज ऐकता येतं, 45 मुलांच्या वर्गात ते महिन्यातून एकदा होत नाही. चार इयत्ता एकत्र शिकवायला यायला लागल्या, त्याच्या जोडीला इंग्रजी बोलणं नीट शिकवता आलं, तर अशा टीचरच्या शाळेत मुलं परत येतात, मी हे होताना बघितलंय, सगळीकडे नाही पण बघितलंय. आणि तुमच्या गावची शाळा उद्या दुसरीत विलीन झाली तरी मुलं कुठेतरी बसणारच आहेत, त्यांना शिकवायला कोणीतरी लागणारच. तुमच्या लेकीचं काम इमारतीवर अवलंबून नाही.

शेवटी एक काम सांगते. फॉर्म भरायच्या आधी मुलीला गावच्याच शाळेत बाईंची परवानगी घेऊन आठ दिवस बसवा. मागे बसून बघायला नको, बाईंना मदत करायला, पहिलीच्या मुलांचं वाचन घ्यायला, नाक पुसायला, भांडणं सोडवायला, जेवणाच्या वेळी वाढायला. घरी आल्यावर कसं वाटलं म्हणून विचारू नका, आवडलं असंच म्हणेल. तिला विचारा, आज कोण अडलं आणि कुठे अडलं. मुलांची नावं घेऊन, कोणाला ट आणि ड मधला फरक कळत नाही, कोण मोजताना चौदावरून सोळावर उडी मारतो, असं सांगत सुटली, जेवण गार होईपर्यंत सांगत राहिली, तर डायटचा फॉर्म भरून टाका. आठव्या दिवशीही नुसतं मुलं खूप दंगा करतात एवढंच म्हणाली तर बीएला घाला, मोठ्या मुलांचं बघू.

जे काय म्हणेल ते मला कळवा. आणि त्या आठ दिवसांतला एक दिवस बाबांनाही तिला सोडायला पाठवा, गेटवरून परत न येता थोडा वेळ आत थांबा म्हणावं.