रजा विकून नोटीस विकत घेऊ नका

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातल्या खासगी कंपनीत तीन वर्षे चार महिने नोकरी झाली आहे. ग्रॉस पगार महिना ९०,००० रुपये, त्यात बेसिक ३६,०००. अर्जित रजा ४२ शिल्लक आहेत. नोटीस ६० दिवसांची, पण १,१०,००० रुपये देणारी नवी कंपनी ३० दिवसांत रुजू व्हा म्हणते. 'उरलेल्या ३० दिवसांचे पैसे भरते आणि रजांचे पैसे घेते, चालेल ना? शिवाय रुजू झाल्यावर दोन महिन्यांनी बहिणीचं लग्न आहे, तेव्हाच्या सुट्यांचं काय?'

चालेल, पण तोटा तुमचा. कारण तुमची कंपनी तुमच्याकडून एक दिवस विकत घेते तो एका दराने, आणि तुम्हाला विकते तो दुसऱ्या. रजेचे पैसे बहुतेक ठिकाणी बेसिकवर मिळतात, म्हणजे ३६,००० भागिले ३०, दिवसाला १,२०० रुपये. नोटीस कमी भरली तर कापणी मात्र अनेक करारपत्रांत ग्रॉसवर असते, दिवसाला ३,०००. आधी नेमणूकपत्र काढून हे दोन दर वाचा. 'इन लियू ऑफ नोटीस' (नोटिशीच्या बदल्यात) या शब्दांपुढे बेसिक लिहिलंय की ग्रॉस, यावर सगळा हिशेब फिरतो.

आता पुढचे ६० दिवस तीन वाटांनी मांडू, कर धरण्याआधी. पूर्ण नोटीस भरलीत तर दोन पगार १,८०,००० आणि ४२ रजांचे ५०,४००, एकूण २,३०,४००. तुम्ही म्हणता तसं ३० दिवस विकत घेतलेत तर जुना पगार ९०,०००, नवा १,१०,०००, रजांचे ५०,४००, त्यातून कापणी ९०,०००, हाती १,६०,४००. आणि ३० रजा नोटिशीत वळत्या करून घेतल्यात, म्हणजे न भरलेल्या ३० दिवसांच्या बदल्यात कंपनीने त्या वजा केल्या, तर ९०,००० अधिक १,१०,००० अधिक उरलेल्या १२ रजांचे १४,४००, म्हणजे २,१४,४००. महिनाभर आधी रुजू होण्याचा खरा फायदा फक्त २०,०००चा आहे, कारण तो महिना तुम्ही जुनीकडेही पगारीच असता. लोक नव्या पगाराचा अख्खा आकडा डोळ्यांपुढे ठेवतात, तिथे चूक होते.

म्हणून माझा क्रम असा. नव्या कंपनीला ६० दिवस थांबायला विनवा. थांबली तर उत्तम. नाही थांबली तर रजा वळत्या करा. पैसे भरण्याची वाट शेवटची, आणि तीही नवी कंपनी ती रक्कम परत देणार असेल तरच. तशी दिली तर ती पगारासारखी करपात्र धरली जाते, आणि वर्षाच्या आत नोकरी सोडली तर परत करण्याची अट बहुधा असते. कापणी बेसिकवर असेल तर दोन्ही वाटांचा आकडा सारखाच, २,१४,४००, येतो. तरी वळती करणंच बरं: नोटिशीपोटी भरलेली रक्कम कंपनी टीडीएस काढताना सहसा उत्पन्नातून वजा करत नाही.

वळती करण्यात एक खाच आहे. काही एचआर विभाग शेवटचे ३० दिवस तुम्हाला रजेवर दाखवतात. पगार मिळतो, पण तुम्ही ६०व्या दिवसापर्यंत त्यांच्याच पटावर असता. त्याच काळात नवीकडे रुजू झालात तर पीएफच्या नोंदीत दोन नोकऱ्यांच्या तारखा एकमेकींवर चढतात, आणि पुढच्या पार्श्वभूमी तपासणीत तेच विचारलं जातं. ईमेलवर स्पष्ट मागा: रिलिव्हिंगची तारीख ३०वा दिवस.

४२ हा आकडाही तपासून घ्या. वर्षाच्या रजा जानेवारीतच जमा दाखवण्याची पद्धत असेल, तर मध्येच सोडताना न कमावलेल्या परत काढल्या जातात आणि ४२चे समजा ३२ होतात. शेवटच्या दिवसापर्यंतची शिल्लक एचआरकडून लेखी घ्या. आणि राजीनाम्यापूर्वी रजेचा अर्ज करून ठेवा. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात, मागितलेली रजा नाकारली गेली आणि मग कामगाराने नोकरी सोडली, तर त्या रजेचे पैसे देणं मालकावर आहे. व्यवस्थापकीय, देखरेखीची आणि गोपनीय पदं मात्र या कायद्याबाहेर ठेवली आहेत. तुमचं पद तसं असेल तर करारपत्रच प्रमाण.

कराचं सोपं आहे. नोकरी सोडताना मिळालेले रजेचे पैसे खासगी नोकरदाराला आयुष्यभरात मिळून २५ लाखांपर्यंत करमुक्त असू शकतात, नव्या करप्रणालीतही. प्रत्यक्ष सूट चार आकड्यांतल्या सर्वांत लहानाएवढी: मिळालेली रक्कम, दहा महिन्यांचा सरासरी पगार (बेसिक आणि महागाई भत्ता), वर्षाला जास्तीत जास्त ३० धरून उरलेल्या रजांची किंमत, आणि ती २५ लाखांची मर्यादा. तुमचे ५०,४०० पूर्ण सुटतात. कंपनीने २६ने भागलं तर ५८,१५४ मिळतील; वरचे ७,७५४ करपात्र. जुन्या पगाराचा तपशील नव्या कंपनीला द्या, नाहीतर दोन्ही कंपन्या नव्या करप्रणालीतली ७५,०००ची प्रमाणित वजावट (स्टँडर्ड डिडक्शन) धरतात आणि विवरणपत्र भरताना कर एकदम अंगावर येतो.

लग्नाचं आधीच बोला. जुन्या रजा नवीकडे येत नाहीत. वरच्या कायद्यात अर्जित रजा २० दिवसांच्या कामाला एक, पण आधीच्या कॅलेंडर वर्षात २४० दिवस भरल्यावर. किरकोळ रजा वर्षाला ८, दर तिमाहीला जमा होतात. त्यांना २४० दिवसांची अट नाही. म्हणजे दुसऱ्या महिन्यात तुमच्या हाती जेमतेम दोन. शुक्रवारी निघून पुढचा अख्खा आठवडा घेऊन त्यानंतरच्या सोमवारपर्यंत राहिलात, तर कामाचे ७ दिवस जातात. बिनपगारी धरले तर सुमारे २५,६७०. मधले शनिवार-रविवारही रजेत मोजायचा नियम असेल तर ११ दिवस, सुमारे ४०,३३०. ऑफर स्वीकारायच्या आधी या तारखांची आगाऊ रजा ऑफर लेटरमध्येच किंवा एचआरच्या ईमेलवर मंजूर करून घ्या. मॅनेजरचं तोंडी 'बघू' पगारपत्रकात दिसत नाही.

हिशेब चुकता होण्याबाबत: वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे, आणि राजीनाम्यानंतर देय वेतन दोन कामकाजी दिवसांत द्यावं असं ती सांगते. '४५ दिवसांनी देऊ' असं उत्तर आलं तर तारीख लेखी मागा, आणि रिलिव्हिंग लेटर त्या पैशांसाठी अडकवू देऊ नका.