निक्सी ट्यूब कुठून आणू, बसवू कशा?

प्रश्न: घड्याळ बनवायचंय, त्या जुन्या केशरी आकड्यांच्या निऑन ट्यूबवालं. लॅमिंग्टन रोडला दोन-तीन दुकानांत विचारलं तर सेव्हन सेगमेंटच (सात पट्ट्यांतून आकडा दाखवणारे डिस्प्ले) हातात ठेवतात. कुठे मिळतील आणि बोर्डवर बसवायच्या कशा?
– एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर: अहो दुकानदाराचा दोष नाही, हा माल मोठ्या प्रमाणावर बनणं कधीच बंद झालंय, आता मिळतो तो बहुतेक सोव्हिएत काळातला न वापरलेला स्टॉक, ईबेवर युक्रेनकडचे विक्रेते सापडतात. घेताना शून्य ते नऊ सगळे आकडे पेटलेले फोटो मागाच, अर्धवट पेटणारा आकडा दिसला की सोडून द्या.

पहिल्यांदाच करताय तर आयएन-१२ हे सोव्हिएत निक्सीचं मॉडेल घ्या, तिला पिना असतात, सॉकेटमध्ये बसते, खराब झाली की उपटून दुसरी लावा. आयएन-१४ उभी, दिसायला भारी, पण खाली लांब तारा असतात आणि त्या सगळ्या एकदम भोकांत घालणं म्हणजे नुसता वैताग, म्हणून तारा चढत्या लांबीने कापा, सगळ्यात लांब आधी, मग शेजारची, अशा एकेक सरकवत जा. काचेलगत मात्र तार वाकवू नका, तडा गेला, हवा शिरली की ट्यूब मेली. (आणि हो, दोन्हींत ५ म्हणजे उलटा २ असतो, तक्रार करू नका!)

सप्लाय साधारण १७० व्होल्ट डीसी लागतो, प्रत्येक ॲनोडला (ट्यूबच्या धन टोकाला) करंट आवरणारा रेझिस्टर हवाच. बंद केल्यावरही सप्लायच्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) चार्ज राहतो, तो उतरल्याशिवाय हात घालू नका.