कामाच्या व्हिसावर कुटुंबासह कायमचं परदेशी जाता येतं का?

येतं, पण कामाचा व्हिसा म्हणजे कायमचा मुक्काम नव्हे. पगाराचा आकडा बघण्याआधी दोन गोष्टी विचारा: यावरून कायम निवासाकडे जाता येतं का, आणि जोडीदाराला काम करता येतं का?

जर्मनीचं ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांसाठीचा निवास परवाना, घ्या. जर्मन भाषेची बी१ (मध्यम) पातळी गाठली तर २१ महिन्यांनी, ए१ (अगदी प्राथमिक) वरच थांबलात तर २७ महिन्यांनी कायम निवासाचा अर्ज करता येतो. जोडीदारालाही नोकरीची मुभा असते. अमेरिकेचा एच-१बी हा कुशल नोकरदारांचा व्हिसा मात्र साधारण ६ वर्षांचा. ग्रीन कार्डचं काम बरंच पुढे सरकेपर्यंत जोडीदार एच-४ वर (एच-१बीवाल्याच्या जोडीदार-मुलांचा व्हिसा) घरी बसून. शिवाय मूल २१ वर्षांचं झालं की त्याचा एच-४ संपतो. तुमचं मूल १४ वर्षांचं असेल तर हे गणित आजच मांडा.

नोकरी गेली तर? एच-१बीवर जास्तीत जास्त ६० दिवस. तेवढ्यात दुसरी कंपनी शोधायची, नाहीतर सामान बांधायचं.

आणि हो, लग्नाचा दाखला, जन्मदाखले, पासपोर्ट, सगळीकडे नावाचं स्पेलिंग एकच आहे ना ते आत्ताच बघा. बायकोच्या नावातल्या एका जादा 'ए'पायी आमचा अर्ज दोन महिने लटकला होता.